एकाएकी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी मी एका बाईंना एक प्रश्न विचारला होता. त्या गावातली दारूविक्री तिथल्या बायकांनी बंद पाडली होती. जिल्ह्यात दारूबंदी १९९३पासून आहे, पण कायदा कागदावर आणि हातभट्टी नाल्याकाठी, हे चित्र तिथेही होतंच. एके दिवशी सकाळी बायका निघाल्या, मोहाचा सडवा ओतून दिला, मडकी फोडली, आणि त्यानंतर त्या गावात विक्री झाली नाही. आदल्या दिवशीपर्यंत गावात सगळं नेहमीसारखं होतं, असं सगळेच सांगत होते.

मी विचारलं, "मावशी, पहिली कोण उठली?"

त्या हसल्या. "पह्यली कोन, दुसरी कोन, असं काई नोतं भाऊ. साऱ्याच होतो."

तेव्हा मला तो विनय वाटला. वहीत टिपून घेतलं आणि पुढे गेलो. पण हे वाक्य नंतर मला दुसऱ्या एका ठिकाणी, फार वेगळ्या तोंडून आलेलं दिसलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. त्याबद्दल पुढे. आधी थोडं भौतिकशास्त्र सांगावं लागेल, कारण मी आयुष्यभर तेच शिकवलं आणि विचार करायची दुसरी भाषा मला फारशी येत नाही.

काही रेणू स्वतःच एकेक छोटे चुंबक असतात. लोखंडाच्या तुकड्यात कोट्यवधी अणू मिळून जे करतात, ते इथे मँगनीज किंवा कोबाल्टचे मोजके अणू असलेला एकेक रेणू करतो. त्याचा 'स्पिन' वर तरी असतो किंवा खाली तरी. मधल्या स्थितीत राहणं त्याला महागात पडतं. असे चुंबकी घटक एकापुढे एक बांधले की साखळी तयार होते. २००१मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी कोबाल्ट आणि एक सेंद्रिय रॅडिकल यांची अशी साखळी दाखवली. तिचं चुंबकत्व विलक्षण सावकाश मावळत होतं. अशा साखळ्यांमध्ये काय घडावं याचं गणित रॉय ग्लाउबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३मध्येच करून ठेवलं होतं. साखळी मिळायला अडतीस वर्षं लागली.

आता ही साखळी, किंवा अशा रेणूंचा स्फटिक, अतिशय थंड करायचा. अतिशय म्हणजे निरपेक्ष शून्याच्या, उणे २७३.१५ अंशांच्या, वर जेमतेम एखादा अंश किंवा त्याहूनही कमी. (उन्हाळ्यात ४७ अंश पाहणाऱ्या ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या माणसाला हे चेष्टेसारखं वाटेल, पण ही थंडी काही परक्या देशापुरती नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१७मध्ये बिस्मथ हा धातू अतिवाहक होतो असं दाखवलं, तेही शून्याच्या वर एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या साधारण निम्म्यावर.) या थंडीत सगळे स्पिन एका दिशेला लावून घ्यायचे आणि मग बाहेरचं चुंबकी क्षेत्र उलट करायचं. आता प्रत्येक स्पिन चुकीच्या दिशेला तोंड करून उभा आहे. त्याने वळावं असंच सगळं आहे, वळलं तर त्याची ऊर्जा कमी होईल, पण मध्ये एक उंचवटा आहे आणि तो चढायला लागणारी ऊब नाही. म्हणून तो वळत नाही. मिनिटं जातात, तास जातात, तो तसाच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इथे सगळं स्थिर आहे, समाधानी आहे.

क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं की कधीतरी, मिलिसेकंदांत, सगळा स्फटिक एकदम उलटतो. नोंदणाऱ्या यंत्रावर आलेख सरळ रेषेत चाललेला असतो आणि अचानक कडा कोसळावी तसा खाली येतो. प्रयोग परत करा, तो जरा वेगळ्या क्षेत्राला कोसळेल. याला शास्त्रज्ञ हिमकडा कोसळणं म्हणतात. मँगनीजचे बारा अणू असलेल्या एका प्रसिद्ध रेणूच्या स्फटिकात हे १९९०च्या दशकात दिसलं, आणि पुढे रेण्वीय साखळ्यांतही दिसलं.

पहिल्या नजरेला वाटतं की सगळ्यांनी मिळून ठरवलं. तसं नसतं. २००५मध्ये न्यूयॉर्कच्या मिरियम सॅराचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकाच्या कडेने अगदी बारीक संवेदक ओळीने बसवले आणि काय होतं ते पाहिलं. उलटणं एका जागी सुरू होतं. तिथून ते सेकंदाला काही मीटर या वेगाने पुढे सरकतं, एका संवेदकाकडून दुसऱ्याकडे, एखाद्या जळत्या कडेसारखं. जंगलात ज्याने वणवा पाहिलाय त्याला हे लगेच समजेल. एक रेणू वळतो, वळताना साठलेली ऊर्जा उष्णता म्हणून सोडतो, शेजारचा रेणू तापतो, उंचवटा ओलांडतो, तोही उष्णता सोडतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला सोयीचं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, आणि त्यातली एखादी ठिणगी वाऱ्यावर जाऊन जी गोष्ट करते, तीच ही.

मला रस आहे तो पुढच्या मुद्द्यात. साखळीतला एक घटक दुसऱ्याला दोन वाटांनी वळवू शकतो. एक वाट बंधाची: शेजारी-शेजारी असलेल्या स्पिनमध्ये एक नातं असतं, तू ज्या दिशेला, त्या दिशेला मी, असं. दुसरी वाट उष्णतेची. दोन्हींचा शेवट आलेखावर सारखाच दिसतो. पण बंधाच्या वाटेत शेजारी कुठल्या दिशेला तोंड करून आहे याला अर्थ असतो. उष्णतेच्या वाटेत नसतो. तिथे शेजारी हा शेजारी नसतोच, तो फक्त तापमान असतो. तापलेला स्पिन उंचवटा ओलांडतो, आणि ओलांडल्यावर कुठे पडायचं हे आधीपासून लावून ठेवलेलं क्षेत्र ठरवतं.

आता ते दुसरं ठिकाण.

ऑगस्ट २०२१मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) या गावात, भानामती केल्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारण्यात आलं. मार खाणारे दलित होते, त्यांत वृद्ध होते, बाया होत्या. मारणारे त्यांच्याच गावचे होते. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तोवर जवळपास आठ वर्षं झाली होती. अशा प्रकरणांनंतर गावात कोणीही गेलं की जे उत्तर मिळतं ते आपल्याला पाठ आहे: कोणी सुरुवात केली ते माहीत नाही, सगळेच होते.

साऱ्याच होतो. सगळेच होते. एकच वाक्य. सडवा ओतणाऱ्या बायकांच्या तोंडी ते ऐकून मला आदर वाटला, आणि चौकातल्या जमावाच्या तोंडी त्याची चीड येते. मग या वाक्यात नेमकं चांगलं काय होतं आणि वाईट काय? 'त्यांनी चांगलं काम केलं आणि यांनी वाईट' हे उत्तर मला पुरत नाही. ते कामाबद्दल झालं. मला माणसाबद्दल विचारायचंय. घोळक्याबरोबर एकाएकी वळलेल्या माणसाचं वळणं त्याचं स्वतःचं असतं का? नसेल तर त्या बायकांना श्रेय का द्यायचं? असेल तर चौकातला प्रत्येक जण पुरता दोषी, आणि 'सगळेच होते' ही पळवाट.

कायद्याने आपल्यापुरतं उत्तर दिलेलं आहे. भारतीय दंडविधानातलं कलम १४९ सांगत होतं की बेकायदेशीर जमावाने समान उद्देशासाठी गुन्हा केला तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी. काठी कोणाच्या हातात होती हे गौण. कायद्याला असंच वागावं लागतं, नाहीतर जमाव कधीच सापडायचा नाही. पण श्रेयासाठी असं कलम नाही. 'चांगल्या जमावातला प्रत्येक जण सारखाच चांगला' असं आपण म्हणत नाही, आणि म्हणू नये असं मला वाटतं. याचं कारण साखळीच्या गणितात फार स्वच्छ दिसतं.

सगळे स्पिन वर आहेत अशी एक साखळी घ्या. मधला कुठलाही एक खाली वळला तर त्याचे डावा आणि उजवा असे दोन्ही शेजारी त्याच्या विरुद्ध होतात. दोन बंध दुखावतात, त्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. पण आता त्याच्या शेजारचा वळला तर? त्याच्या एका बाजूला वळलेला आहे, दुसऱ्या बाजूला न वळलेला. आधी एक बंध दुखावलेला होता, वळल्यावरही एकच दुखावलेला राहतो, फक्त दुसऱ्या बाजूचा. म्हणजे दुसऱ्याला वळायची बंधाची किंमत शून्य. तिसऱ्याला शून्य. चौथ्याला शून्य. शेवटी सगळे खाली झाल्यावर कोण पहिला होता याची कुठलीही खूण साखळीत उरत नाही, पण जवळपास सगळी किंमत त्या एकाने दिलेली असते.

त्या गावात पहिली जी कोणी असेल तिच्या एका बाजूला दारू विकणाऱ्याचं घर असेल, दुसऱ्या बाजूला पिणाऱ्याचं. कदाचित दोन्ही तिच्याच घरात असतील. तिने तोंड उघडल्यावर संध्याकाळी काय झालं असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. चाळिसावी बाई निघाली तेव्हा न निघणंच जड गेलं असतं. दोघी एकाच फोटोत उभ्या असतात.

पण म्हणून चाळिसाव्या बाईला काही श्रेय नाही? पूर्वी मी तसं मानायचो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट काहीसं असंच सांगतो: कृतीला नैतिक मोल येतं ते ती कर्तव्यबुद्धीने केली तर, प्रवाहाबरोबर, आवडीने, सोयीने केलेलं चांगलं काम चांगलं असलं तरी त्यात नैतिक मोल नाही. आता मला हे फार कोरडं वाटतं. शेजारणीचं वळणं जिला जाणवतं, तिच्यात आणि शेजारणीत बंध होता म्हणूनच ते जाणवतं. तो बंध काही त्या सकाळी तयार झाला नाही. पाणी भरताना, तेंदूपत्त्याच्या पुड्यांची मोजणी करताना, बाळंतपणात, मयतीत तो घडत आलेला असतो. ज्या गावात असा बंध नाही तिथे पहिली बाई वळते आणि एकटीच वळलेली राहते. अशी गावंही आहेत. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. शेजाऱ्याचं ऐकू येणं ही एक कमाई आहे, कांटच्या हिशेबात ती बसत नसली तरी.

म्हणजे उत्तर सापडलं असं वाटतं: बंधाने वळलेला स्वतः वळला, उष्णतेने वळलेला नुसता ढकलला गेला. बायका बंधाने, जमाव उष्णतेने. पण हे इतकं नीटनेटकं आहे की मला त्याचा संशय येतो. सडवा ओतायला निघालेल्या बायका काय थंड डोक्याने निघाल्या होत्या? रात्रीचा मार, विकलेले तांदूळ, यांचा संताप त्यांच्यातही होताच. आणि चौकातल्या जमावात बंध नव्हता असं कोण म्हणेल? एकाच गावची, नात्यागोत्याची माणसं. बंध नसता तर ती एकमेकांच्या बाजूने इतकी ठाम उभी राहिली नसती. खऱ्या माणसांत दोन्ही वाटा एकत्र चालतात, मोजायला कडेने संवेदक लावता येत नाहीत.

या जिल्ह्यात घडलेली सगळ्यात मोठी एकाएकी मला इथे मदतीला येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखोंना दीक्षा दिली. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपुरात (तेव्हाच्या चांद्यात) आले आणि इथेही प्रचंड जनसमुदायाने दीक्षा घेतली. राजाभाऊ खोब्रागडे यांचं हे गाव. आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे दर ऑक्टोबरात लोक जमतात. एका दिवसात इतकी माणसं धर्म बदलतात, पिढ्यान्‌पिढ्यांची दैवतं सोडतात, हे बाहेरच्यांना तेव्हाही पचलं नाही आणि अजून पचत नाही. 'बाबासाहेब गेले म्हणून गेले, त्यांना काय कळत होतं' हे वाक्य मी सुशिक्षित, सज्जन म्हणवणाऱ्या घरांत ऐकलेलं आहे. ते वाक्य म्हणजेच माझा प्रश्न, फक्त तुच्छतेने विचारलेला.

त्या दिवसाचा क्रम पाहा. बाबासाहेबांनी आधी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग इतरांना दिली. म्हणजे ते बाहेरून लावलेलं क्षेत्र नव्हते, साखळीतली कडी होते. नंतर बावीस प्रतिज्ञा. 'आम्ही आजपासून बौद्ध' असं एका आरोळीत उरकता आलं असतं. त्याऐवजी काय मानणार नाही आणि काय करणार हे एकेक करून, प्रत्येकाच्या तोंडून 'मी' म्हणून वदवून घेतलं. आणि ही एकाएकी तशी एकाएकी नव्हतीच. 'मी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली होती. मधली एकवीस वर्षं सभा, परिषदा, वर्तमानपत्रं, भांडणं, 'कुठला धर्म' याचा खल. आलेखावर कडा कोसळलेला दिसतो. पण त्या स्फटिकाला एकवीस वर्षं कोणीतरी हळूहळू ऊब देत होतं.

किमतीचंही पाहा. साखळीच्या टोकाच्या स्पिनला एकच शेजारी असतो, त्यामुळे त्याला पहिल्याने वळणं मधल्यापेक्षा निम्म्या किमतीत पडतं. कोबाल्टच्या साखळीत जस्ताचे अणू घुसवून ती जागोजाग तोडली तेव्हा उलटणं अशा तुटक्या टोकांपासून सुरू होतं असं दिसलं. हे वाचलं तेव्हा मला मोह झाला होता: समाजाने ज्यांना टोकाला ठेवलं, गावकुसाबाहेर, त्यांचे बंध मुळातच तोडलेले, त्यांना वळणं स्वस्त. छान वाक्य आहे आणि चूक आहे. बौद्ध झालेल्यांच्या अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. १९५०चा आदेश हिंदूंपुरता होता आणि त्यात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडावं लागलं. नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांवर पाणी सोडून ती माणसं वळली. स्पिनला पर्याय नसतो, किमतीचा हिशेब त्याच्या वतीने निसर्ग करतो. या माणसांना किंमत सांगितलेली होती. ती ऐकून ती वळली. इथे भौतिकशास्त्राने मागे राहावं.

आणि उष्णता? साठलेला अन्याय किती होता हे वेगळं सांगायला नको. तो सोडला जाताना आग लागली असती तर इतिहासाने समजून घेतलं असतं. पण त्या दोन शहरांत त्या दिवशी कोणाला चौकात बांधलं गेलं नाही. लाखो माणसं आली, 'मी' म्हणाली, घरी गेली. मला वाटतं, या दोन वाटा वेगळ्या आहेत याचा यापेक्षा ठळक पुरावा मला दुसरीकडे मिळणार नाही. नंतर त्यातल्या कोणालाही एकट्याला गाठून विचारलं असतं, 'का वळलास?', तर त्याच्याजवळ सांगायला काहीतरी होतं. चौकातल्या माणसाला एकट्याला गाठलं की तो म्हणतो, सगळेच होते.

दारूबंदीबद्दल मात्र मी इतका निःशंक नाही. मोहाची दारू आदिवासी घरांत देवाधर्माची, पाहुण्याची, जन्ममरणाची गोष्ट आहे, आणि नागपुरा-मुंबईच्या माणसाने त्याला सरसकट व्यसन म्हणणं मला पटत नाही. शिवाय वरून लावलेल्या क्षेत्राचं काय होतं हे चंद्रपूरने पाहिलंय. डिसेंबर २०१०मध्ये श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५पासून जिल्ह्यात बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. क्षेत्र फिरलं, दुकानं उघडली. शेजारच्या गडचिरोलीत, जिथे बंदी टिकून आहे, शेकडो गावांनी ती राहावी असे ठराव केले. त्यातले किती बंधाचे आणि किती कार्यकर्त्यांनी लिहून आणलेल्या कागदावरचे, हे मी सांगू शकत नाही. राज्यात इतरत्र दुकान बंद करायला बायकांचं गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. (स्पिन वर की खाली! वर्गात हे उदाहरण द्यायचा मोह मी दरवर्षी आवरला.) गुप्त मतदानात शेजारणीचा दबाव जातो, हे चांगलंच, पण पहिलीने जी किंमत मोजायची तीही जाते, आणि शेजारणीचा आधारही.

मेंढा (लेखा) इथे आठवल्याशिवाय राहत नाही. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव; २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही 'नाही' असेल तर निर्णय पुढे ढकलायचा आणि बोलत राहायचं. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्यामुळे हे महाराष्ट्राला माहीत झालं. बाहेरून आलेल्या माणसाला ही पद्धत कमालीची संथ वाटते. पण प्रयोगशाळेतली एक गोष्ट आहे: मोठा स्फटिक कोसळतो, तोच रेणू असलेला बारीक स्फटिक सहसा कोसळत नाही. कारण बारीक स्फटिकातली उष्णता भोवतालात निघून जाते, साठून राहत नाही. जंगलात जाळरेषा काढतात त्यामागचा विचारही फार वेगळा नाही. ज्या गावात एकाचं 'नाही' महिनोन्‌महिने ऐकून घ्यायची सवय आहे, तिथे कोणाबद्दलचा संशय दहा वर्षं न बोलता साठून चौकात फुटण्याला जागा कमी उरते, असा माझा कयास आहे. सिद्ध करता येणार नाही.

सहमती झाली की ती कायमची झाली, असंही नाही. एर्न्स्ट इझिंग नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १९२४मध्ये आपल्या प्रबंधात दाखवलं की नुसत्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या बंधावर उभी असलेली साखळी, तापमान शून्याच्या किंचितही वर असेल, तर कायम एका दिशेला राहू शकत नाही. कुठेतरी एक वळतो, आणि तिथून क्रम मोडत जातो. आज आपण ज्यांना साखळी-चुंबक म्हणतो ते त्या अर्थाने चुंबक नाहीतच. त्यांचं विसरणं फक्त फार सावकाश चालतं. इझिंग ज्यू होता. नाझी आल्यावर देश सुटला, युद्धकाळात रेल्वेचे रूळ उखडण्याच्या सक्तीच्या कामाला जुंपला गेला, १९४७मध्ये अमेरिकेला पोचला आणि एका लहान विद्यापीठात शिकवत राहिला. आपलं हे प्रारूप जगभर प्रसिद्ध झालंय हे त्याला १९४९पर्यंत माहीत नव्हतं. त्याचा देश किती वेगाने एका दिशेला वळला होता हे पाहून त्याला स्वतःचं गणित आठवलं असेल का, असा प्रश्न मला कधीकधी पडतो.

मेंढ्याची ग्रामसभा म्हणूनच परत परत भरत असावी, आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरात त्याच बावीस प्रतिज्ञा परत म्हटल्या जात असाव्यात.

गेल्या वर्षी मी त्या बाईंच्या गावी परत गेलो. आता त्या थकल्यात, कानाने कमी ऐकू येतं. गावात दारू परत सुरू झालीय का, हे विचारायचं मी टाळलं. मग त्यांनीच सांगितलं की पलीकडच्या टोल्यावर एक जण लपून विकतो, दोनदा समज दिलीय. चहा झाला. निघताना मी जुना प्रश्न पुन्हा काढला. म्हटलं, "मावशी, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, साऱ्याच होतो. पण कोणीतरी पहिली असेलच की."

त्यांनी ओसरीवरून समोरच्या घराकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. मग म्हणाल्या, "होती ना. मले मालूम हाय कोन होती थे. तुमाले नाई सांगत."